कोरियन आहे, आई!

गेल्या शनिवारी आमच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरमागच्या ओट्यावर मी साडेतीन तास एका कुकरपुढे बसून होतो. कुकरात डुकराचे दोन पाय होते. हे वाक्य इथे जितक्या सहज लिहिलं तितक्या सहज घरात काही बोललो नव्हतो. घरात म्हटलं होतं, "आई, एक कोरियन डिश करून पाहणार आहे."

"कर ना. मॅगीसारखं असते का?"

"नाही. मटणासारखं असतं."

इथपर्यंत ठीक होतं. मग पिशवी उघडली.

पुढच्या दहा मिनिटांचं वर्णन करत नाही. तह झाला तो असा: स्वयंपाकघरात काही येणार नाही, मागच्या ओट्यावर जुनी इंडक्शन शेगडी मांडायची, माळ्यावरचा हँडल तुटका कुकर घ्यायचा, आणि तो कुकर पुन्हा कधीही घरात येणार नाही. "कोरियन आहे, आई!" असं मी दोनतीनदा केविलवाणं म्हणून पाहिलं. त्यावर मातोश्री, "कोरियातल्या डुकराले काय वेगळे पाय असतात?" आता बोला! सगळं रामायण इथून सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर आईचा प्रश्न माझ्या सगळ्या उत्तरांपेक्षा प्रामाणिक होता.

तर आधी पदार्थ. त्याचं नाव जोकबाल. कोरियन भाषेत 'जोक' म्हणजे पाय (हा चिनीतून आलेला शब्द) आणि 'बाल' म्हणजेही पायच (हा त्यांचा अस्सल देशी). म्हणजे 'पाय-पाय'. आपण 'गोल सर्कल' म्हणतो ना, तसलंच. सोल शहरात जांगचुंग-दोंग नावाचा भाग आहे, तिथे जोकबालच्या दुकानांची एक अख्खी गल्ली आहे. १९५०-५३ च्या युद्धानंतर उत्तर कोरियातून सगळं मागे टाकून आलेल्या निर्वासितांनी तिथे हे विकायला सुरुवात केली. पाय म्हणजे जनावराचा सगळ्यात स्वस्त भाग. चांगलं मांस ज्याला परवडत नाही त्याने पाय घ्यावेत आणि वेळ खर्च करावा, असा जगभरचा नियम आहे. आपल्याकडचा पाया तोच, हैदराबादची नहारी-पाया तीच. गरिबाकडे पैसा नसतो, पण विस्तव आणि रात्र असते. आज तेच जोकबाल सोलमध्ये रात्री अकराला फोनवरून मागवून सोजूबरोबर खायची चैनीची गोष्ट झालीय.

आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट कोरियन. त्यामुळे पुण्यात असताना टीम डिनरला हे पहिल्यांदा खाल्लं. तपकिरी, काचेसारखी चमकणारी चामडी, खाली पातळ चरबी, मग मांस. पातळ काप करून मांडलेले. लेट्यूसच्या पानात एक काप, त्यावर खारवलेल्या बारीक कोळंबीचा ठिपका, कच्च्या लसणाची चकती, हिरवी मिरची, पानाची पुरचुंडी करायची आणि एका घासात तोंडात. (दोन घासांत खाणं असभ्य मानतात म्हणे. आमच्या मॅनेजरने तीन घासांत खाल्लं आणि शर्टावर सांडलं.) चव मला फार ओळखीची वाटली. सोया सॉस बाजूला केला तर हा आपला पायाच की! ओठाला ओठ चिकटतो ना, तो चिकटपणा अगदी तोच.

आता त्या टेबलावर कोण कोण होतं ते सांगायलाच हवं. आमच्या फ्लॅटमधले आम्ही तिघं होतो. त्याआधी वर्षभर याच फ्लॅटमध्ये आमच्याबरोबर नागालँडचा एक मुलगा राहत होता. आमच्याच फ्लोअरवर, दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याने घरून धुरावलेलं डुकराचं मांस आणलं आणि एका रविवारी शिजवलं. वास येतो म्हणून आमच्यातल्या एकाने तोंडावर रुमाल धरला, दुसऱ्याने भांडी वेगळी ठेवायला सांगितली आणि तिसऱ्याने, म्हणजे मी, काहीच केलं नाही. फक्त खिडकी उघडली. दोन महिन्यांनी तो दुसरीकडे राहायला गेला. जाताना भांडणबिंडण काही नाही, "ऑफिस जवळ पडेल" म्हणाला. आणि रुमाल धरणारे तेच महाशय त्या डिनरला जोकबालचा फोटो काढून खाली 'कोलॅजेन!!' लिहीत होते. प्राणी तोच. फक्त पासपोर्ट बदलला होता.

मी हसलो तेव्हा. हसण्याचा अधिकार मला नव्हता, ते पुढे येईलच.

आधी कुकर. पाय मिळवणं हाच पहिला उद्योग. रविवारी सकाळी चंद्रपुरात मटणाच्या दुकानांपुढे ही गर्दी असते, बोर्ड असतात, काचा असतात. डुकराच्या मटणाला बोर्ड नसतो. ते कुठे मिळतं हे ज्याला माहीत असायला हवं त्याला माहीत असतं, बाकीच्यांना नाही. मी इथे जन्मलो, वाढलो, आमच्या थर्मलच्या चिमण्या दहा किलोमीटरवरून ओळखतो, पण हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून मग एका जुन्या दोस्ताला फोन केला. दोस्ताने रेल्वे लाईनीपलीकडचा पत्ता सांगितला. तिथले काका म्हणाले, "पाय? पाय कोणी मागत नाही हो साहेब, घरचेच नेतात." दोन पायांचे त्यांनी एवढे कमी पैसे घेतले की मलाच ओशाळल्यासारखं झालं. वर काळ्या पिशवीत आणखी एक काळी पिशवी घालून दिली. मी मागितली नव्हती. गिऱ्हाइकाला ती लागतेच, हे त्यांना सवयीने माहीत होतं.

कृती ज्यांना हवी त्यांच्यासाठी. पायावरचे केस विस्तवावर जाळून, चाकूने खरवडून घ्यायचे. खुरांच्या बेचक्यात नीट. मग गार पाण्यात दोनेक तास भिजवायचे, पाणी बदलत. मग एकदा दहा मिनिटं खळखळ उकळून ते पाणी फेकून द्यायचं. सगळा वास आणि गाळ त्यात जातो. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं व्यर्थ. मग स्वच्छ पाय, पाय बुडतील एवढं पाणी, कपभर सोया सॉस, गुळाचा मोठा खडा (ते ब्राऊन शुगर घालतात, आपला गूळ काय वाईट आहे?), एक अख्खा कांदा, लसणाचा गड्डा, आल्याचा मोठा तुकडा, मिरे, दालचिनी, एक चक्रफूल. तांदळाची दारू लागते. ती कुठून आणणार? रम घातली. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती, ती २०२१ मध्ये उठली, त्यामुळे निदान हा मसाला आता राजरोस मिळतो. नदीपलीकडे गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. तिकडच्या वाचकांनी व्हिनेगर आणि चिमूटभर साखर वापरावी. मोहाचं नाव मी घेतलेलं नाही, नोंद घ्यावी.

साध्या पातेल्यात याला अडीच-तीन तास लागतात. कुकरात पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर पाऊण तास. आत काय होतं ते इंजिनियर माणसाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. पायात मांस कमी, चामडी आणि स्नायुबंध जास्त, आणि ते बनलेले असतात कोलॅजेनचे. दोरखंडाला पीळ असतो तसे त्याचे तीन पदर एकमेकांत गुंतलेले असतात. उष्णता आणि पाणी भरपूर वेळ मिळालं की हा पीळ सुटतो आणि त्याचं जिलेटिन होतं. घाई करून चालत नाही. आच वाढवली तर मांस कोरडं पडतं आणि चामडी तशीच चिवट राहते. कुकरात दाबामुळे पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं, म्हणून काम लवकर होतं. पण मग झाकण काढून उरलेला रस आटवत, पाय वरखाली करत, अर्धा-पाऊण तास बसावंच लागतं, तरच तो रंग आणि ती चकाकी येते. मग पूर्ण गार होऊ द्यायचं. गरम असताना हाड काढलं तर लगदा होतो. गार झाल्यावर धारदार सुरीने पातळ काप. लेट्यूसऐवजी मी पानकोबीची पानं घेतली. खारवलेल्या कोळंबीऐवजी बाजारातले वाळलेले झिंगे भाजून, मीठ-लिंबू-तिखटात कुटले. सोलवाल्यांनी नाकं मुरडली असती. मला मूळ पदार्थापेक्षा भारी लागले!

आटवताना बाबा मागे येऊन उभे राहिले. बाबांनी उभी हयात प्लांटमध्ये शिफ्ट केल्या. गुडघे गेलेत. बराच वेळ कुकरात बघत राहिले, मग हळू आवाजात, "याचं सूप गुडघ्याले चांगलं असते म्हणे ना?" २०१८ मध्ये बाबा गाडीवरून पडले होते तेव्हा महिनाभर बकऱ्याच्या पायाचं सूप आईनेच रोज पहाटे करून दिलं होतं. तो पाया पवित्र. हा पाया ओट्यावर. (शास्त्र सांगायचं तर खाल्लेलं कोलॅजेन पोटात इतर प्रथिनांसारखंच पचून तुकडे होतं, ते उठून सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही. पण हे मी बाबांना सांगितलं नाही. एका तरी माणसाचा पाठिंबा हवा होता.)

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, डुक्कर घाण खातं, म्हणून लोक खात नाहीत, त्यात जात-बित कशाला आणतोस? मी हाच युक्तिवाद पंचवीस वर्षं करत आलो, त्यामुळे तो मला पाठ आहे. कोंबडीला मोकळं सोडा, ती काय खाते ते जाऊन बघा, आणि मग तिला 'गावरान' म्हणून जास्त पैसे द्या. डुक्कर गटारात दिसतं कारण आपण गटार उघडं ठेवलंय. आमच्या भागात तर कचरा आणि झुडपं वाढली की डुकरं येतात आणि डुकरांच्या मागे बिबट्या येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये इथे वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराला मारलं आणि पाठोपाठ शेजारच्या दुर्गापूरला बिबट्याने एका मुलाचा जीव घेतला. त्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर आम्ही घराबाहेर पडत नव्हतो. स्वच्छता हा खरा प्रश्न आहे, मान्य. पण तो नगरपालिकेला विचारायचा प्रश्न आहे, डुक्कर पाळणाऱ्याला तुच्छ लेखायचं निमित्त नाही.

दुसरा युक्तिवाद: डुक्कर खाल्लं की मेंदूत किडे होतात. आईने हा शनिवारी दोन वेळा काढला. यातलं खरं काय ते वाचून मीच चाट पडलो. अर्धकच्चं, बाधित डुकराचं मांस खाल्लं तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी होतो, हे खरं. पण मेंदूत गाठी होतात त्या मांसामुळे नाही, त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने. आणि ती अंडी येतात पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून. म्हणजे न धुतलेल्या हातांतून, दूषित पाण्यातून, शेतातल्या घाण पाण्यावर वाढलेल्या कच्च्या भाजीतून. जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो. थोडक्यात, माझ्या ताटात पाऊण तास १२० अंशांवर शिजलेल्या पायापेक्षा कच्च्या पानकोबीचं पान जास्त धोक्याचं होतं! पानं मी मिठाच्या पाण्यात चार वेळा धुतली. आईला हे समजावलं. आई म्हणाली, "मग दोन्ही नको खाऊ."

आणि किळस म्हणावी तर तीही सरसकट नाही. आमच्याच नात्यातले एक आजोबा रानडुकराच्या शिकारीच्या गोष्टी तासन् तास सांगायचे. त्याच्या मांसाची चव सांगताना डोळे मिटायचे. १९७२ च्या कायद्यानंतर ती शिकार बंद झाली याचं त्यांना मरेपर्यंत दुःख होतं. रानातलं डुक्कर मर्दानी आणि गल्लीतलं डुक्कर 'शी'. विष्णूचा तिसरा अवतार वराह. रामटेकच्या गडावर वाकाटकांच्या काळातला दगडी वराह आहे, शाळेच्या सहलीत आम्ही त्याला हात जोडले होते. भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया गावांत डुक्कर घराघरात पाळतात, सणाला लागतं, देवाला लागतं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाला सोरपोतेल नसेल तर पाहुणे तोंड वाकडं करतील, आणि आपली पोरं गोव्याहून परतताना चोरीसच्या माळा बॅगेत घालून आणतात. मुसलमान डुक्कर खात नाहीत तो त्यांच्या धर्माचा नियम आहे, शाकाहारी माणूस खात नाही ती त्याची निवड, त्या दोघांशी माझं भांडण नाही. न खाणं हा प्रश्नच नाही. 'मी खात नाही' आणि 'खातो तो माणूस हलका' या दोन वाक्यांमधलं अंतर आपल्याकडे शून्य आहे, माझा आक्षेप तिथे आहे. हा मी आयुष्यभर अंगावर बाळगलेला बग आहे आणि त्याचा लॉग दाखवतो.

आमच्या घरी मटण चालतं, कोंबडी चालते, डुक्कर चालत नाही. एवढ्यावरून ओळखणारे आमची जागा ओळखतील. शाळेत असताना माझा एक दोस्त होता, दुर्गापूरकडे राहायचा. त्याचे वडील ठेकेदाराकडे राख वाहायच्या कामावर. सातवीत असेन. एकदा शाळा लवकर सुटली आणि मी त्याच्या घरी गेलो. त्यांच्या दारात कोळशाची सिगडी होती. आमच्या भागात गरिबाघरी हीच शेगडी, कोळसा खाणीच्या आसपास कसाही मिळायचा. तिच्यावर भगुणं होतं, सकाळपासून ठेवलेलं. काकूंनी भातावर वाढलं. मी दोनदा मागून घेतलं. ओठ चिकटत होते. पिवळा रस्सा, लसणाचा वास, दुसरं काहीही नाही. मी विचारलं कशाचं आहे, तर दोस्त काकूंकडे बघायला लागला. काकू म्हणाल्या, "पायाचं आहे बेटा."

खोटं नव्हतं ते.

घरी येऊन मी चव सांगत सुटलो. आईने दोनचार प्रश्न विचारले, कुठे, कोणाकडे, आणि मग मला बाहेरच्या नळावर आंघोळ घातली. मारलं वगैरे नाही. फक्त आंघोळ घातली. आंघोळीने मला जे कळायचं ते कळलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत काय करावं? मी स्वतः वाचावं म्हणून वर्गात आधीच जाहीर केलं की अमक्याच्या घरी डुक्कर शिजतं आणि त्याने मला फसवून खाऊ घातलं. 'फसवून' हा शब्द माझा. पोरं पोरांसारखीच वागली. त्याच्या डब्याजवळ कोणी बसेना, मागून आवाज काढायचे. दहावीपर्यंत. तो एकदाही माझ्याशी भांडला नाही. मीही कधी विषय काढला नाही.

नागराज मंजुळेंचा 'फँड्री' मी हॉस्टेलवर पाहिला, लॅपटॉपवर, सहा जण एका पलंगावर. चित्रपट २०१३ चा, मी पाहिला दोनतीन वर्षांनी. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. शाळेसमोर सगळ्या गावादेखत जब्याच्या घरच्यांना डुकरं पकडावी लागतात आणि वर्गातली पोरं कठड्यावर बसून मजा बघतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ आपल्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. बाकीचे पाच जण 'काय भारी शेवट केला बे!' म्हणत होते. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो. मी कठड्यावरच्या पोरांतला होतो, आणि नुसता बसलेला नव्हतो, बाकीच्यांना मीच बोलावून आणलं होतं.

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये आलं, २०२४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतरही झालं. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांमधलं खाणं त्यात कृतींसकट नोंदवलंय. माझ्या ओळखीच्या किती मराठी घरांत ते आहे? आणि त्याच घरांतली किती पोरं कोरियन नूडल्सच्या ब्रँडची नावं घडाघडा सांगतात? मी दोन्हींची उत्तरं देऊ शकतो कारण मी त्यातलाच आहे. मला यूट्यूबवर जोकबालची चाळीस मिनिटांची कृती पाहायला वेळ होता. दुर्गापूरच्या भगुण्यात काय काय होतं हे विचारायला पंधरा वर्षं वेळ नव्हता.

लोक म्हणतील, अरे पण हे चांगलंच आहे ना? कोरियन म्हणून का होईना, पोरं खायला लागली, किळस गेली, हळूहळू आपल्याकडचंही स्वीकारतील. मलाही आधी तसंच वाटायचं. आता वाटत नाही. बाहेरून आलेल्या नावाने किळस जात नाही, ती फक्त त्या नावापुरती बाजूला होते. फ्लॅटवरच्या त्या मित्राने जोकबाल खाल्लं म्हणून नागालँडच्या मुलाला फोन केला नाही. मीही केला नाही. कोरियन डुक्कर खाणं हा आमच्यासाठी अनुभव, एक्स्पोजर, आणि इथलं डुक्कर खाणं ही ओळख, जी लपवायला दोन काळ्या पिशव्या लागतात. ज्याला काही गमवावं लागत नाही तो प्रयोग करतो. ज्याला गमवावं लागतं तो सोडून देतो. हे मी हवेत बोलत नाही, पुढचं ऐका.

पाय कुठे मिळतील हे विचारायला मी ज्याला फोन केला तो हाच दोस्त. आता एका खाजगी कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे, शहरात भाड्याने फ्लॅट घेतलाय, आईला घेऊन राहतो. मधल्या वर्षांत लग्नाकार्यात भेटायचो, 'काय बे, काय चालू' एवढंच. मी फोनवर आधी कोरिया-बिरिया सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "सोया सॉस कशाले? हळद, मीठ, लसूण, मिरची. बाकी सिगडी करते." मी म्हटलं, मग तुझ्याकडेच येतो, काकूंना विचार. तर म्हणाला, "आता नाही करत आम्ही. ताईच्या सोयरिकीच्या वेळेस आईनं बंद केलं. अन् हा फ्लॅट घेताना मालकानं विचारलं होतं, काय काय खाता. मी म्हटलं, चिकन, तेही रविवारी."

पत्ता मात्र त्याने अगदी खुणेसकट सांगितला.

तर शनिवारी रात्री बाबांनी तीन काप खाल्ले, ओट्यावर उभ्याने, आईकडे पाठ करून. आईने पाहिलं, बोलली नाही. रविवारी सकाळी मी उरलेलं जोकबाल डब्यात भरलं, पानकोबीची पानं वेगळी, झिंग्यांची चटणी वेगळी, आणि दोस्ताकडे गेलो. रस्ताभर पाठ करत होतो की सातवीतल्या त्या गोष्टीबद्दल काय आणि कसं बोलायचं. तीनचार व्हर्जन तयार होती. दार त्यानेच उघडलं. आधी त्याने मागचं दार लावलं, खिडकी लावली, पंखा मोठा केला, मग डबा उघडला. काकू खाटेवर बसल्या होत्या, खूप थकल्यात. मी म्हटलं, "काकू, तेव्हा शाळेत मी..." आणि पुढचं एकही व्हर्जन आठवेना.

काकूंनी हात हलवून मला थांबवलं आणि डबा जवळ ओढला. पानात वगैरे काही गुंडाळलं नाही. एक काप उचलला, उजेडाकडे धरून चामडी बघितली, तोंडात टाकला, बराच वेळ चावत राहिल्या.

"चांगलं शिजलं," म्हणाल्या. "पण गोड काहून केलं रे? अन् हळद नाही टाकली?"

मग दोस्ताकडे वळून, "त्याले कागद दे. लिहून घेऊ दे."